सिस्टरांची नाताळची कादंबरी

सिस्टर पुस्तक हातात घेतलं की आधी ते उलटं करायच्या आणि शेवटचं पान काढायच्या. काउंटरसमोर उभ्या राहूनच, चष्मा कपाळावर सरकवून, ओठ हलवत ते पान वाचायच्या. शेवटी कोणी मेलं असेल, कोणी कोणाला सोडून गेलं असेल, तर पुस्तक तिथल्या तिथे परत.

"हे नको, मॅडम. दवाखान्यात लय मरण पाह्यलं मी. आता घरी नेऊन वाचू कायले?"

मी आमगावच्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोन खोल्या, एक लांब टेबल, वर्तमानपत्रांचा स्टँड आणि झाडलोटीपासून सभासदांच्या भांडणांपर्यंत सगळं सांभाळणारी मालन. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी सभासद झाल्या. त्यांचं नाव रजिस्टरात आहे, पण ते मी कधी उच्चारलं नाही आणि इथेही लिहीत नाही. अख्ख्या गावाला त्या सिस्टर होत्या. उंच, काटक, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चालायच्या अशा, की जणू पुढच्या वळणावर कोणाला तरी सलाईन लावायचं राहून गेलंय. बोलता बोलता समोरच्याचं मनगट हातात घ्यायच्या. तुम्हाला वाटायचं, काय माया आहे! नाडी पाहत असायच्या.

आणि कोणी रडगाणं सुरू केलं, की पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "मंग? पुढं काय?" या दोन प्रश्नांनी त्यांनी किती बाळंतिणींना उठवून बसवलं असेल, देव जाणे.

गोड शेवटाची पुस्तकं आमच्याकडे फार नव्हती. दोन वर्षांत सिस्टरांनी ती संपवली. एका जुलैच्या दुपारी त्या रिकाम्या हाताने निघाल्या, तेव्हा मी गंमत म्हणून बोलले, "सिस्टर, आता तुम्हीच लिहा एखादी."

त्या दारात थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. "किती पानांची राहते?"

"दीडशे तरी."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

मी विसरून गेले. तुम्हीही विसरला असता. पण नोव्हेंबर संपता संपता, धानाची मळणी उरकून गाव जरा मोकळं झालं होतं, धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक हिरवं दिसायला लागलं होतं, तेव्हा सिस्टर तीन जाड वह्या छातीशी धरून आल्या आणि काउंटरवर आपटल्या.

"झाली. नाताळची आहे. नाताळातच वाचायची."

"म्हणजे?"

"आमचे नाताळाच्या आधी चार रविवार राहतात ना जी, वाट पाहण्याचे. दर रविवारी एक भाग. इथं, दुपारी तीन वाजता. मालन, खुर्च्या पुसून ठेवजो. आणि शेवटचा भाग अजून लिहला नाही, पण तो होईल वाचता वाचता."

आमगावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण डिसेंबर लागला की सिस्टरांच्या घरावर बांबूला बांधलेली कागदी चांदणी चढायची आणि गल्लीतल्या बाया, बौद्ध असोत की पोवार, त्यांच्या ओसरीवर करंज्या भरायला बसायच्या. त्यामुळे वाचनाला दहा-बारा बाया येतील असा माझा अंदाज होता. आल्या तीसेक. शिवाय बिसेन गुरुजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे सगळ्यात जुने सभासद, आणि कादंबरी म्हणजे शेवटी नायकाने देशासाठी प्राण द्यायलाच हवा अशा ठाम मताचे. मालनने फोन पुस्तकांच्या रांगेला टेकवून ठेवला. म्हणाली, "रेकॉर्ड करून राहिली मॅडम. माझ्या भिशीच्या ग्रुपवर टाकते. बायांले शिफ्ट असते, येता नाही येत."

सिस्टरांनी वही उघडली. वाचायची पद्धत अशी, की जणू डॉक्टर राउंडला आलेत आणि त्या रुग्णाची हालहवाल सांगताहेत. पण गोष्ट पकडणारी होती. एक छोटं स्टेशन, जिथे दिवसातून एकच गाडी थांबते. कडाक्याची थंडी. गाडीतून एक तरुण नर्स उतरते, मार्था तिचं नाव. हातात एक पेटी, गावात ओळखीचं कोणी नाही. तिसऱ्याच दिवशी अडलेल्या बाईला घेऊन ती जीपमधून तालुक्याला निघते आणि वाटेत रेल्वेचं फाटक बंद. ती उतरते, गेटमनला म्हणते, उघड. तो मान हलवतो. ती ओरडते, हात जोडते. तो दगडासारखा उभा.

"'तुझ्या छातीत काळीज आहे की लोखंडाचा तुकडा?' मार्था म्हणाली."

बायांनी जोरात चुकचुक केली. आणि तेवढ्यात मागून, अगदी दाराजवळून आवाज आला.

"गेट असं उघडता येत नाही जी."

सगळ्यांच्या माना वळल्या. दाराजवळच्या खुर्चीत रामटेकेकाका बसले होते. हे आमचे रोजचे वाचक. सकाळी दहाला यायचे, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, घडीवर घडी घालून जागेवर ठेवायचे आणि जायचे. तीन वर्षांपूर्वी बायको गेली होती, मुलगा-सून गोंदियाला. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'नमस्कार' आणि 'येतो' यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काऊन नाही येत?"

"गाडीले सिग्नल दिला की गेट लॉक होऊन जाते. गेटमनच्या हातात काही राहत नाही. त्यानं जीव दिला तरी उघडत नाही."

"तुम्हाले कसं माहीत?"

"मी गेटमनच होतो जी. गावाबाहेरच्या गेटावर." ते उभे राहिले. बोलायची सवय नसलेला माणूस, स्वेटरचं टोक दोन्ही हातांनी पिळत होते. "एकदा असंच झालं होतं. वीसेक वर्षं झाली. दवाखान्याची जीप होती. उन्हाळ्याचे दिवस. मागून एक बाई उतरली आणि मले म्हणे, गेट उघड, नाही तर तुझी नोकरी खाऊन टाकीन."

सिस्टरांनी चष्मा काढला.

"ते बाई मी होती," सिस्टर म्हणाल्या.

"माहीत आहे जी. मी पह्यल्याच दिवशी ओळखलं, तुम्ही इथं पुस्तक घ्यायले आल्या तेव्हा. म्हणून तर बोललो नाही. म्हटलं, अजून राग असेल."

"होताच! वीस वर्षं शिव्या देऊन राहिली तुम्हाले. गेटावरून गेली की देत होती." सिस्टरांचा आवाज चढला होता, पण त्यात राग नव्हता, दुसरंच काही होतं. "आणि ते पाण्याची घागर? जीपजवळ कोणीतरी थंड पाण्याची घागर ठेवली होती. धुतलेलं धोतर ठेवलं होतं."

"मीच ठेवलं जी. तेवढंच करता येत होतं."

"मले वाटलं, ड्रायव्हरनं आणलं."

काका म्हणाले, "मंग गाडी गेली. मी गेट उघडलं. पण जीप हललीच नाही. आतून लेकराचा आवाज आला. मंग जीप दवाखान्याकडे पलटली. मले कोणाले विचारता नाही आलं. इतकी वर्षं मनात होतं..." त्यांनी घसा साफ केला. "पोरगा झाला होता का पोरगी?"

"पोरगी," सिस्टर म्हणाल्या. "तीन किलोची. मागल्या साली लग्न झालं तिचं. मी गेली होती जेवाले."

रामटेकेकाका खाली बसले. आणि मग काय झालं सांगू? मालनने टाळी वाजवली. एकटीनेच. मग सगळ्यांनी. बिसेन गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "बहुत धूळ आहे या वाचनालयात."

सिस्टरांनी कमरेची पेन्सिल काढली आणि वहीतली 'काळीज' आणि 'लोखंडाचा तुकडा' ही ओळ तिथल्या तिथे खोडली.

सोमवारपासून आमच्या मागच्या टेबलावर नवीनच काम सुरू झालं. सिस्टर वही घेऊन बसायच्या आणि काका समोर. गोष्टीतल्या रेल्वेच्या चुका काढायला. "रात्री हिरवी झेंडी नाही दाखवत जी, हिरवी बत्ती." "गेटमन ड्यूटी सोडून जत्रेत जाऊ शकत नाही, सस्पेंड होईल." सिस्टर चिडायच्या, "मंग तो मार्थाले भेटन कवा?" काका गंभीरपणे विचार करायचे. "शिफ्ट बदलून घेता येते. बदली माणूस मागावा लागते." आणि सिस्टर लिहून घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी थर्मास आला. चौथ्या दिवशी चारोळी घातलेल्या केकचा एक तुकडा, "चाखून पाहा, साखर जास्त झाली काय" म्हणून. मी माझ्या नोंदी करत बसायचे, पण कान तिकडेच. दोन वर्षं न बोललेला माणूस बोलत होता. मालगाड्या कशा जमिनीतून आधी ऐकू येतात ते. फाटकाजवळच्या परसात त्यांनी काय काय लावलं होतं ते. पाचव्या दिवशी काका हसले. मोठ्याने. मालन केर काढायचं थांबवून माझ्या कानाशी आली.

"मॅडम, कादंबरी एक आहे का दोन?"

दुसऱ्या रविवारी बसायला जागा नव्हती. मागच्या भागातला दगडासारखा गेटमन आता माणूस झाला होता. तो पाण्याची घागर आणून ठेवतो, लेकराच्या रडण्याने रडतो, मार्था त्याची माफी मागायला येते तेव्हा परसातली मेथी देतो. बाया पार पागल झाल्या. "पण तिच्यासाठी एका शिकलेल्या मास्तराचं स्थळ आहे ना!" एकीने म्हटलं, तर बाकीच्यांनी तिला गप्प केलं. बाजारात, नळावर, बसस्टँडवर मला लोक अडवायला लागले. मॅडम, मार्था गेटमनले हो म्हणते का? मॅडम, तुम्ही वाचलं असेल पुढचं. मी काय सांगणार? मलाही रात्री झोप लागत नव्हती. आमच्या वाचनालयात मी इतकी वर्षं आहे, एका वहीसाठी गाव असं उतावीळ झालेलं मी पाहिलं नव्हतं.

पण गाव उतावीळ झालं की त्याची जीभही सुटते. मागच्या टेबलाची गोष्ट बाहेर गेली. गुरुवारी काकांचा मुलगा सुधीर मोटारसायकलवरून आला. गोंदियाला एका राइस मिलच्या ऑफिसात होता तो. सभ्य मुलगा, पण चेहरा उतरलेला.

"मॅडम, इथे चाललंय काय? चार लोगों के फोन आले मले. माझ्या आईला जाऊन तीन वर्षं झाली फक्त."

मी काही बोलायच्या आत काका उठले. वर्तमानपत्राची घडी घातली, जागेवर ठेवली. "चल," म्हणाले. "थंडी आहे, काही दिवस तिकडे राहतो." सिस्टरांकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेले नसते, असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं.

तिसऱ्या रविवारी सिस्टरांनी भाग वाचला, पण सरकारी परिपत्रक वाचावं तसा. चौथ्या रविवारी त्या वेळेवर आल्या, रिकाम्या हातांनी. गर्दी दाराबाहेर गेली होती.

"शेवट लिहला नाही," त्या म्हणाल्या. "सुचत नाही. घरी जा."

मोठा कल्ला झाला. "असं कसं जी सिस्टर!" "चार रविवार भाकरी टाकून येऊन राहिलो आम्ही!" बिसेन गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, शेवट ते लिहून देतील, गेटमनाने गाडी वाचवताना प्राण द्यावा, म्हणजे कलाकृतीला उंची येईल.

"तुम्ही हात लावून तर पाहा माझ्या गेटमनले," सिस्टर म्हणाल्या.

सगळे गेल्यावर त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. मी पहिल्यांदाच त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडीबिडी मला कळत नाही.

"एकसष्ट वर्षांची बाई मी," त्या हळूच म्हणाल्या. "लहान भावांचं शिक्षण झालं, मंग आईचं दुखणं, मंग ड्यूटी. कोणी विचारलं तर सांगत होती, मले लग्नाची हौस नाही. इतक्यांदा सांगितलं का मलेच खरं वाटलं. खोटं बोलत होती मॅडम."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "मग? पुढं काय?"

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, हात सोडवून घेतला आणि निघून गेल्या.

चोवीस डिसेंबरला सकाळी अकराला त्या आल्या. अंगात कोट, पायात बूट, हातात केकचा डबा.

"मालन, वाचनालय पाहाजो. मॅडम, चला. गोंदिया."

"मी?"

"मंग कोण? त्या पोरानं दार नाही उघडलं तर परत येताना मले सोबत कोणाची?"

आमगावहून गोंदिया गाडीने अर्धा तास. त्या दिवशी दीड तास लागला, कारण दोन मालगाड्यांना आधी रस्ता दिला. सिस्टर खिडकीशी बसून प्रत्येक डब्याला शिव्या देत होत्या. एकदा तर उठून म्हणाल्या, "जाऊ द्या, उतरू. मी काय बोलणार आहे तिथं?" मी त्यांच्या कोटाला धरून बसवलं. खरं सांगते, स्वतःच्या लग्नाच्या बोलणीला मी इतकी घाबरले नव्हते.

ऑटो करून आम्ही घर शोधलं. दार सुधीरनेच उघडलं. त्याला सुट्टी होती. सिस्टरांना पाहून त्याचा चेहरा आवळला, पण घरी आलेल्या माणसाला दारातून परतवायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. आम्ही आत बसलो. काका आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, हातात चष्मा, डोळ्यांत काय होतं ते विचारू नका.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सून बाहेर आली. वैशाली तिचं नाव. पाण्याचे ग्लास ठेवता ठेवता ती माझ्याशी दोन शब्द बोलली, सिस्टरांनी "पाणी बस झालं बाई" म्हटलं, आणि ती जागच्या जागी थांबली.

"हा आवाज... तुम्ही त्या मार्थाच्या कादंबरीवाल्या सिस्टर तर नाही?"

मालनच्या भिशीच्या ग्रुपवरून रेकॉर्डिंग कुठून कुठे फिरत गोंदियाला पोहोचलं होतं. वैशालीने तिन्ही भाग पोळ्या लाटता लाटता ऐकले होते. दोनदा. मालनने मधलं बोलणं कापून नुसती गोष्ट पाठवली होती आणि सुधीरने त्या फोनांचं घरी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिला बिचारीला एवढंच माहीत नव्हतं, की त्यातला गेटमन तिच्या घरात बसून वर्तमानपत्र वाचतोय.

"चौथा भाग काऊन नाही आला? आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया विचारून राहिल्या!"

सिस्टर काकांकडे पाहत म्हणाल्या, "चौथा भाग तुमच्या घरी येऊन बसला ना बाई. मी कुठून वाचू?"

वैशालीने सासऱ्यांकडे पाहिलं. मग सिस्टरांकडे. मग तिने पदर तोंडाला लावला आणि धप्पकन खुर्चीत बसली.

"आंटी," सुधीर म्हणाला. "तुम्ही मोठ्या आहात. मी वाईट बोलणार नाही. पण माझी आई..."

सिस्टर उठून त्याच्याजवळ गेल्या आणि त्याचं मनगट धरलं.

"बाबू, तुझ्या आईची जागा मी मागायले नाही आली. ते जागा तिचीच. भिंतीवरचा तिचा फोटो तिथंच राहील, मीच फूल वाहीन. मले दुसरी छोटी जागा पाहिजे. चहा प्यायले सोबत पाहिजे. मी चुकली तर 'हे असं नसते जी' म्हणणारा माणूस पाहिजे. एकसष्ट वर्षं मी कोणाले काही मागितलं नाही. आज मागून राहिली. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, मी केक ठेवून जाईन. पण तुझा बाप तिथं हसत होता. इथं हसते काय तो?"

सुधीर आईच्या फोटोकडे पाहत राहिला. काका आत गेले. माझ्या मनात आलं, संपलं. दोन मिनिटांनी ते बाहेर आले ते स्वेटर, कानटोपी घालून आणि खांद्याला पिशवी अडकवून.

"बाबा, कुठे?" सुधीर म्हणाला.

"चार चाळीसची गाडी आहे. उद्या नाताळ आहे. वाचनालयात कार्यक्रम आहे." ते दारातून वळले. "तुम्हीबी या."

पंचवीस तारखेला दुपारी आम्ही खुर्च्या अंगणात काढल्या, कारण आत मावणं शक्यच नव्हतं. ऊन कोवळं होतं. सिस्टर सकाळी गोंदियाच्या चर्चमधली उपासना करून आल्या होत्या, नवी मोरपंखी साडी नेसून, आणि शेवटचा भाग सोबत होता. पुढच्या रांगेत काका. सगळ्यात मागे, फाटकाला टेकून, सुधीर आणि वैशाली. येताना त्यांनी मला नुसती मान हलवली.

सिस्टर वाचायला लागल्या. नाताळची संध्याकाळ. मार्थाची बदली झालीय, उद्याच्या गाडीने ती जाणार. ती फाटकापाशी येते. गाडीला सिग्नल मिळालाय, फाटक बंद आहे, लांबून इंजिनाचा दिवा दिसतोय. बाया खुर्चीच्या टोकावर सरकल्या होत्या.

"'गेटमनने हातातली बत्ती खाली ठेवली. तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, जाऊ नका. माझ्याशी...'"

"हे असं नसते जी," काका म्हणाले.

अख्खं अंगण हसलं. सिस्टर लालबुंद. "आता काय झालं?"

काका उभे राहिले. कानटोपी काढली. "गाडी येऊन राहिली असताना गेटमन बत्ती खाली ठेवत नाही. आणि ड्यूटीवर असताना तो असं बोलतबी नाही."

"मंग कवा बोलते?"

"रिटायर झाल्यावर."

कोणी हसलं नाही. सिस्टरांनी वही मिटली.

"झाले ना रिटायर," त्या म्हणाल्या. "मंग बोला."

"बोललो असं समजा जी."

"समजा-बिमजा चालणार नाही. इतके लोक चार रविवार बसून राहिले. नीट बोला."

काकांनी एकदा मागे पाहिलं. फाटकाजवळ सुधीर खाली पाहत उभा होता. वैशालीने त्याच्या दंडाला कोपर मारलं. त्याने मान वर केली, बापाकडे पाहिलं आणि अगदी किंचित, पण सगळ्यांना दिसेल इतकी, हलवली.

"माझ्याशी लग्न करा जी," काका म्हणाले. छत्तीस वर्षं आगगाड्यांच्या आवाजात बोललेला माणूस, ते बहुधा स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल.

पुढचं मी काय सांगू? बिसेन गुरुजी उठून उभे राहिले आणि राष्ट्रगीताला राहतात तसे ताठ उभेच राहिले. मालन रडत होती आणि एका हाताने रेकॉर्डिंग सांभाळत होती. कोणीतरी केक कापला, कोणीतरी करंज्यांचा डबा फिरवला, आणि सिस्टर 'हो' म्हणाल्या की नाही ते त्या गोंधळात कोणाला ऐकूच आलं नाही. मला आलं. त्या म्हणाल्या, "हो म्हणते ना आता, बसा खाली. बीपी वाढेल."

लग्न नोंदणी कार्यालयात झालं, महिन्याची नोटीस लावून. दुपारी काकांच्या विहारात सगळ्यांनी बुद्धवंदना घेतली, संध्याकाळी पास्टरांनी घरी येऊन प्रार्थना केली, आणि दोन्हीकडे सिस्टर पांढऱ्या बुटांत. पुढच्या वर्षी वैशालीला दिवस गेले, तेव्हा सुधीर स्वतः आमगावला आला आणि म्हणाला, "आंटी, आता तिकडेच चला दोघं. ती म्हणते, सिस्टर पाहिजेत." अशा रीतीने सिस्टर आमच्या गावातून गेल्या. डिसेंबरात त्यांच्या घरावर आता चांदणी चढत नाही. मला त्या रस्त्याने जायचं जिवावर येतं.

मागच्या महिन्यात कळलं, सिस्टरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी दोन पुस्तकं घेऊन गोंदियाला गेले. गल्लीतून जाताना त्यांच्या खिडकीतून आवाज ऐकू आला म्हणून थांबले. सिस्टर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसल्या होत्या. शेजारी काका, मांडीवर जाडजूड प्रेमकथा, बोट ओळीखाली धरून गाडीची उद्घोषणा केल्यासारखे वाचत होते. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मोठ्यानं वाचा ना जी," सिस्टर म्हणाल्या. "मले ऐकू नाही येऊन राहिलं."

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं, मी भिंतीआड सरकले. त्यांनी घसा साफ केला, पुस्तक जरा वर धरलं आणि ते वाक्य, ज्यात कोणी कोणाला सांगत होतं की तुझ्यावाचून मला करमत नाही, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं खणखणीत वाचलं.